वाळत घातलेल्या नूडल्स

संध्याकाळी डॉक्टरांकडून परतताना आईने कोपऱ्यावरच्या चायनीजच्या दुकानाकडे बोट दाखवलं. घरी घासभर वरणभातही तिला नको असतो, म्हणून मी लगेच आत शिरून हक्का नूडल्स मागवल्या. आम्ही दोघींनी त्या कधीच खाल्ल्या नव्हत्या.

प्लेट आली. आईने चमचा बाजूला सारला, दोन बोटांनी एकच लांब नूडल उचलली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर अलगद सोडली. मग दुसरी, मग तिसरी. दोन्ही टोकं सारखी लोंबतील आणि एकीला एक चिकटणार नाही, अशा बेताने. उन्हाळ्यात हातशेवया ती अशाच काठीवर वाळत घालायची आणि मी कावळे हाकायला बसायचे.

"काकू, खायच्या असतात त्या," दुकानाच्या मालकीणबाई हसत म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून गल्ल्याकडे वळल्या.

सॉसचे थेंब फरशीवर पडत होते. मन रिकामं होत जातं तेव्हा काय आधी न्यायचं आणि काय मागे ठेवायचं, हे कोण ठरवतं? तिच्या बोटांना शेवया आठवतात. माझं नाव मात्र तिच्या तोंडून कधीचं ऐकलेलं नाही.

मी तिचा हात पुसायला वाकले. तिने वर ट्यूबलाइटकडे पाहिलं आणि परक्या बाईशी बोलावं तशी म्हणाली, "जरा सरकता का बाई? ऊन अडतंय. माझी मुलगी येईलच आता, कावळे हाकायला."