शेवटचे पान

लातूर नवा जिल्हा झाला. त्या वर्षीच्या दुष्काळात वाचनालयात एक गृहस्थ रोज सगळ्यांपासून एक खुर्ची सोडून एकटे बसत. दोन पुरुषांच्या प्रेमाची एकच कादंबरी पुन्हा पुन्हा वाचत. एकदा माझ्यादेखत त्यांनी तिचे शेवटचे पान फाडले. संतापून मी तक्रार लिहायला घेतली.

"सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान हा गुन्हा आहे."

"लिहा की, वकीलसाहेब," पानाची घडी करत ते म्हणाले. "ह्या पानावर त्या दोघांतला एक विहिरीत उडी घेतो. माझ्यासारख्याला हरेक पुस्तकात मारूनच टाकायलेत."

तक्रार मी फाडली. लेखकालाच पत्र धाडले: कोणत्या कलमाखाली आपण या माणसाला मृत्युदंड दिलात?

पुढेही ते माझ्यापासून एक खुर्ची सोडूनच बसत. रोज एवढेच विचारत, "आलं का उत्तर?"