आडवे केलेले दगड

लंडन सोडून आम्ही इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात राहायला गेलो, तेव्हा तिथल्या बसस्टॉपवर दिवा नव्हता. हिवाळ्यात चारलाच अंधार पडायचा. शेजारीण म्हणाली, "पॅरिश कौन्सिलच्या मीटिंगला जाऊन सांग." म्हणजे इथली ग्रामपंचायत. मी गेले. व्हिलेज हॉलमध्ये टेबलाभोवती सहा जण बसले होते आणि गावकऱ्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांवर मी एकटी. माझं ऐकून घेतल्यावर चेअरमन म्हणाले, "दिवा काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या हातात आहे, आम्ही कळवू. पण आमची एक जागा रिकामी आहे. निवडणुकीला कुणी उभंच राहिलं नाही. तुम्ही याल का?"

मला आधी ती थट्टाच वाटली. माझ्या मामांच्या गावी ग्रामपंचायतीच्या एका जागेपायी सख्खे भाऊ बोलेनासे झाले होते. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "अगं, आपला पासपोर्ट भारताचा. चालतं का हे?"

"चालतं म्हणे. आपण कॉमनवेल्थचे, शिवाय इथे कायम राहायची परवानगी आहे."

अशी मी कौन्सिलर झाले. मानधन नाही, मान तर नाहीच. कुत्र्यांच्या घाणीचे डबे, खेळाच्या मैदानातलं गवत, कुणाच्या घरवाढीवर आमचं मत, असले विषय असायचे. चर्चमागची जागा भरल्यावर गावाने घेतलेली दफनभूमीही आमच्याच ताब्यात आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

एका मीटिंगमध्ये कौन्सिलच्या क्लार्कबाईंनी सांगितलं की दुसऱ्या कुठल्यातरी गावात थडग्याचा दगड अंगावर पडून एक मूल गेलं. आता आपल्याला प्रत्येक दगड हाताने ढकलून बघायचा आहे. हलला तर आडवा करून ठेवायचा. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला.

शनिवारी सकाळी मी आणि चेअरमन एका बाजूने निघालो. ते निवृत्त शेतकरी, बोलायला कमी. तळवे टेकवायचे, जोर लावायचे, पुढे जायचे. एका करड्या दगडापाशी मात्र थांबले आणि त्यांनी टोपी काढली. दगडावर त्यांचंच आडनाव होतं.

"बायको," ते म्हणाले.

"हा राहू दे ना. दुसरं कुणी बघेल."

"नियम सगळ्यांना सारखा."

त्यांनी ढकलला. दगड पडायला आलेल्या दातासारखा हलला. त्यांनी दोन्ही हातांनी तो कवेत घेतला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तिकडून धरता का?"

मी धरला. त्याआधी मी कधी थडग्याला हातही लावला नव्हता. त्या बाई माझ्या बुटांखाली आहेत, हा विचार डोक्यातून जाईना. आम्ही दगड गवतावर टेकवला. त्यांनी टोपी घातली आणि ते पुढच्या दगडाकडे गेले.

पुढच्या मीटिंगला हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. छत्रीचा धक्का लागला तरी सॉरी म्हणणारी ही माणसं, पण त्या दिवशी त्यांचे चेहरे ओळखू येत नव्हते. पोस्टात रोज माझ्याशी हसून बोलणारी बाई उठली.

"माझ्या आईला तुम्ही जमिनीवर पाडलंत," ती म्हणाली. मग फक्त माझ्याकडे बघून, "तुमचं इथे कोण पुरलंय?"

एवढा राग तिच्यात होता आणि तो माझ्यासाठी होता, हेच मला उमगत नव्हतं.

चेअरमन उभे राहिले. "माझी बायको आहे तिथे. तिचा दगड मी स्वतः आडवा केला. दुसरं टोक ह्यांनी धरलं होतं. नसतं धरलं तर मला ते जमलं नसतं."

ती बाई खाली बसली. मग सगळ्यांच्या संमतीने ठरलं, की कौन्सिलने पाथरवट लावून सगळे दगड परत पक्के बसवायचे. शरद ऋतू उजाडेपर्यंत ते काम चाललं. पोस्टातली बाई पुन्हा हसली नाही, पण पार्सल देताना एकदा हळूच म्हणाली, "आईचा दगड बसवला. सरळ आहे."

चेअरमननी स्वतःच्या बायकोचा दगड सगळ्यात शेवटी ठेवायला सांगितला होता. तो बसवला त्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. पाथरवट गेल्यावर आम्ही दोघं तिथे उभे होतो.

"तुमच्यात काय करतात?" त्यांनी विचारलं.

"दहन करतो. अस्थी नदीत सोडतो."

"मग भेटायला कुठे जाता?"

"कुठेच नाही," मी म्हटलं.

ते दगडाला एकदा हात लावून वळले. मग माझी आई आहे का, वडील आहेत का, अशी चौकशी करत मला फाटकापर्यंत सोडायला आले.