वांग्यांवरची गोधडी

ओल्या गोधडीचा वास आला, की मला शेंद्रा गावातल्या आमच्या घरामागचा वांग्यांचा वाफा आठवतो. नळाला आठवड्यानं पाणी यायचं, म्हणून आई भांडी धुतलेलं पाणी बादलीनं नेऊन झाडांना घालायची. मे संपत आला होता, झाडं वांग्यांनी लगडली होती आणि सकाळी तोडायचं ठरलं होतं. संध्याकाळी अचानक आभाळ काळं झालं आणि गारा तडतडू लागल्या. कंपनीतून नुकतेच आलेले वडील आत धावले, आईनं हिवाळाभर शिवलेली नवी गोधडी त्यांनी ओढली आणि वाफ्यावर पसरली. "माणसं उघडी अन् वांगी गोधडीत," आई दारातनं ओरडली. डोक्यावर घमेलं धरून वडील म्हणाले, "गोधडी वाळंल. फुटलेलं वांगं शिवता येतं व्हय?" सकाळी शेजारचा दोडक्याचा मांडव भुईसपाट झाला होता, आमची वांगी मात्र शाबूत होती. आईनं भरीत केलं, शेजारीही दिलं. मग गोधडीचे काट्यांनी उसवलेले टाके पुन्हा घालत बसली. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. काल शहरात गारा पडल्या. मी कामावरून घरी आलो, तर गॅलरीत आईच्या मिरचीच्या कुंड्यांवर तीच गोधडी होती, चिंब भिजलेली.