बोलकी फाईल

लातूरहून पहिल्या गाडीनं संगणक चालू करून देणारी ती पोरगी आमच्या जळकोटच्या शाळेत आली. नाव विचारायचं राहूनच गेलं. गळ्यात ताईत घालावा तसा पेनड्राइव्ह! दुपारी ऑनलाइन परीक्षा, आणि नव्या संगणकांत ना मराठी टायपिंग, ना प्रिंटर, ना परीक्षेचं सॉफ्टवेअर.

"एकेक टाकत बसलं तर संध्याकाळ होईल, काका," ती म्हणाली. "म्हणून स्क्रिप्ट लिहून सगळ्यांची एकच फाईल बांधून आणली. एकदा दाबली की सगळं आपापलं बसतं."

तिनं फाईल चालू केली आणि शीळ घालत पुढच्या संगणकाकडे गेली. पडद्यावर आलं : 'प्रिंटर बसवून राहिलो. दम धरा.'

मी खो खो हसलो. "हे कशाला गं?"

"आधीची फाईल मुकी होती. लोकांना वाटायचं बंद पडली, अन् कुठले ना कुठले सर मधेच मशीन बंद करायचे. म्हणून हिच्यात सगळं बोलणं आधीच लिहून ठेवलं. गुपचूप काम करणाऱ्यावर कुणाचा भरवसा नसतो, काका."

इतकी वर्षं मी या शाळेत गुपचूप कारकुनी केली. बढती का अडली, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं!

तेवढ्यात मुख्याध्यापक आत आले. "अजून न्हाई झालं? एकदा बंद करून चालू करू," म्हणत त्यांनी थेट मेन स्विचकडे हात नेला. सगळं अर्धवट राहिलं असतं, परीक्षा बुडाली असती. पण समोरच्या पडद्यावर अक्षरं आली : 'सर, बटणाला हात लावू नका. होऊन राहिलं.'

सरांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"हाव, हाव. चालू द्या तुमचं," ते संगणकाला म्हणाले आणि सगळं उरकेपर्यंत त्याच्यासमोर अदबीनं बसून राहिले.