नणंदेचा ॲडव्हान्स

सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. सरकारी दवाखान्यातली नोकरी संपून बराच काळ लोटला होता, पण नाव काही सुटलं नाही. वॉर्डात असताना भेटीची वेळ संपली की भल्याभल्यांना ती दाराबाहेर काढायची. "पेशंटला झोपू द्या, उद्या या," एवढंच म्हणायची आणि माणसं मुकाट उठायची. घरात मात्र चित्र उलटं. सासरच्या कुणी काही मागितलं की सिस्टरची जीभ टाळ्याला चिकटायची.

निवृत्तीच्या पैशांतून तिने तलावाकाठच्या आपल्या घरावर दोन खोल्या चढवल्या. जिना बाहेरून, स्वतंत्र बाथरूम, पुढे छोटी गॅलरी. सुट्टीला येणाऱ्यांना भाड्याने द्यायच्या, दोघांचा औषधपाण्याचा खर्च निघेल, एवढाच हिशेब. पहिल्या उन्हाळ्यातच त्या हिशेबाचे तीनतेरा वाजले.

अर्धी करामत नवऱ्याची होती. माणूस दिलदार. फोन आला की पलीकडे कोण आहे हे नीट कळायच्या आतच म्हणायचा, "या की! विचारायचं काय त्यात?" मग त्याची थोरली बहीण आली, मावसभाऊ आला, ऑफिसातला जुना मित्र आला, त्या मित्राचा मेव्हणाही आला. पैशांचं नाव कुणी काढलं नाही आणि सिस्टरलाही काढता आलं नाही. उरलेली कसर खऱ्या गिऱ्हाइकांनी भरून काढली. ऐन सुट्टीतला आठवडा एका कुटुंबाने नुसत्या तोंडी शब्दावर अडवून ठेवला. सिस्टरने इतरांना नाही म्हणून सांगितलं, चादरी धुऊन इस्त्री केल्या, आणि ते यायचे त्या दिवशी दुपारी फोन आला, "अहो, आमचा बेत बदलला. तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं." खोल्या रिकाम्या राहिल्या.

त्या संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "पुढच्या वर्षी असं चालणार नाही. आधी चौथा हिस्सा ॲडव्हान्स, मगच बुकिंग. दोन आठवडे आधी रद्द केलं तर सगळे पैसे परत, त्यानंतर केलं तर नाही. मोडतोडीचं डिपॉझिट वेगळं. जाताना खोली बघायची आणि परत द्यायचं."

"बरोबर आहे तुझं," नवरा म्हणाला. मग चाचपत, "पण आपल्या माणसांना नाही ना?"

"सगळ्यांना," ती म्हणाली. म्हणताना तिचं तिलाच नवल वाटलं.

पुढच्या उन्हाळ्याचं बुकिंग सुरू झालं, तेव्हा अनोळखी लोकांनी काही कटकट केली नाही. उलट एक बाई फोनवर म्हणाली, "बरं झालं, तुमच्याकडे सगळं ठरलेलं असतं." सिस्टरचा जीव जरा भांड्यात पडला. खरी परीक्षा पुढेच होती. थोरल्या नणंदेने भावाला फोन केला. लेक, जावई आणि नातवंडांना घेऊन आठवडाभर यायचं म्हणत होती. भावाने सवयीप्रमाणे होकार दिला आणि फोन ठेवून बायकोकडे असं बघितलं, जणू हातून काचेचं काही पडलंय.

सिस्टरने स्वतःच नंबर लावला. "वन्सं, खोल्या तुमच्यासाठी ठेवते. फक्त... यंदापासून ॲडव्हान्स घेतो आम्ही. आणि थोडं डिपॉझिट. सगळ्यांकडूनच."

पलीकडून "बरं" एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद.

"झालं!" नवऱ्याने डोक्याला हात लावला. "सख्ख्या बहिणीकडे पैसे मागितले. आता मी तिला तोंड कसं दाखवू?"

पैसे मात्र आले. सोबत निरोप नाही, एक शब्दही नाही. सिस्टरला वाटलं, यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

ठरल्या दिवशी मंडळी आली. वन्संनी किल्ली मागितली, "प्रवासात अंग आंबलंय" म्हणाल्या आणि सरळ वर गेल्या. दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आलं तरी खाली उतरल्या नाहीत. मागच्या वर्षी याच वन्सं उजाडायच्या आत स्वयंपाकघरात हजर असायच्या. भाजी निवड, जिना झाड, चादरींच्या घड्या मोड आणि परत घाल. वहिनीचा संसार तपासायला आल्यात, असं तेव्हा सिस्टरला वाटायचं. आता त्या फिरकतच नाहीत म्हटल्यावर त्या रागावल्यात, अशी तिची खात्रीच झाली. शेवटी चहाचे दोन कप घेऊन ती वर गेली.

वन्सं गॅलरीत खुर्चीवर पाय पसरून बसल्या होत्या. केससुद्धा विंचरले नव्हते.

"रागावलात ना वन्सं?" सिस्टरने एकदाचं विचारून टाकलं.

"रागावले होते. फोन ठेवल्यावर ह्यांच्यापाशी तुझा चांगला उद्धार केला," वन्सं म्हणाल्या आणि कप हातात घेतला. "मग पैसे पाठवले आणि कसं हलकं वाटलं बघ. अगं, फुकट राहायचं म्हणजे मला गादीला पाठ टेकवत नाही. गेल्या वर्षी सुट्टीला आले आणि घरच्यापेक्षा जास्त राबून गेले. तुला ओझं नको म्हणून गं! तुझ्या डब्यांची झाकणं पुसायची मला काय हौस होती?"

सिस्टर समोरच्या खुर्चीवर टेकली. "आणि मला वाटायचं, तुम्हाला माझं काही पसंतच नाही!"

"नव्हतंच. पण ते वेगळं," वन्सं म्हणाल्या आणि दोघींना असं हसू फुटलं की चहा बशीत सांडला. "आज मात्र गिऱ्हाईक म्हणून सांगते. तुझ्या गिझरचं पाणी कोमट येतं. एवढे पैसे घेतेस, तर कडकडीत पाहिजे."

"आत्ता माणूस बोलावते!" सिस्टर उठलीच. जिना उतरताना महिनाभराचं दडपण अंगावरून उतरल्यासारखं वाटत होतं. खाली नवरा कानोसा घेत उभा होता. "काय म्हणाली?" त्याने हळूच विचारलं.

"तक्रार केली," सिस्टर म्हणाली, आणि तिचा चेहरा एवढा फुललेला का, हे त्या बिचाऱ्याला कळेना.

आठवडा मजेत गेला. शेवटच्या दिवशी धाकट्या नातवाच्या हातून पाण्याचा काचेचा जग फुटला. "राहू दे गं, पोरच आहे," नवरा घाईघाईने म्हणाला. वन्संनी त्याला दटावलं, "तू मध्ये बोलू नकोस. डिपॉझिट कशाला घेतलंय मग?" सिस्टरने जगाचे पैसे कापून बाकीचे त्यांच्या हातावर ठेवले. वन्संनी ते न मोजता पर्समध्ये टाकले.

"पुढच्या वर्षी हाच आठवडा माझ्या नावावर ठेव. ॲडव्हान्स घरी पोचल्यावर पाठवते," गाडीत बसता बसता त्या म्हणाल्या.

"पाठवा," सिस्टर म्हणाली. "आल्याशिवाय बुकिंग नाही हं, वन्सं."