वाडीचं तोरण

ज्या गावाने मला अर्धं आयुष्य 'ती वाडीवाली' म्हणून हाक मारली, त्या गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याची जाहिरात मी का करू? अंबड तालुक्यातलं, दगडी वेशीचं, पाटलाच्या मुठीतलं एक गाव, एवढं पुरे. माणसांचीही नावं गाळते. त्यांची नातवंडं आता मला पाहून नमस्कार करतात, आणि मला शिव्या गिळाव्या लागतात.

त्या गावापासून कोसभरावर, माळावर आमची वाडी. मी लग्न होऊन आले तेव्हा ती वसून दहा-बारा वर्षं झाली असतील. माझे सासू-सासरे वाटूरकडचे. भावाभावांच्या वाटणीत यांच्या पदरात काही पडलं नाही, म्हणून बैलजोडी, एक पाटा आणि कडेवर माझा नवरा, एवढं घेऊन इकडे आले. आमचा हा मुलूख म्हणजे निजामाच्या राज्याची पश्चिमेकडची कड. हैदराबाद इतकं लांब, की तिथला हुकूम इथे येईपर्यंत शिळा होई. पडीक माळ जो फोडील त्याने तो कसावा, असं कुठल्याशा हुकुमात होतं म्हणे. त्या भरवशावर आठ-दहा घरं इथे येऊन पडली.

सासूने तरवड उपटला, बोरी मुळासकट खणल्या, दगड वेचून बांध घातले. हे मला कसं ठाऊक? रोज ऐकलं म्हणून. मी दळत असताना, भाकरी थापत असताना, अगदी बाजेवर बाळंतीण असताना तिचं एकच, "ह्यो माळ म्या फोडला." भाकरी करपली तरी माळ, मूल रडलं तरी माळ. बाई कष्टाळू होती, नाही म्हणत नाही. पण जिभेला हाड नव्हतं आणि मायेचा तर पत्ताच नव्हता. मला ती आवडली नाही, आणि मी तिला आवडले नाही. हा हिशेब शेवटपर्यंत बरोबरीतच राहिला.

गावाचं म्हणणं, तो माळ म्हणजे त्यांचं गायरान. एक जनावर चरत नव्हतं तिथे, नुसती कुसळं होती. पण काहींचं असंच असतं, आपण बाजूला सारलेल्या ताटाला दुसऱ्याने हात लावला की त्यांना भूक लागते. आम्ही त्यांच्या लेखी उपरे. मीठ-तेल, बाजार, न्याय, सगळ्यासाठी त्यांच्याच दारात जायचं आणि त्यांच्याच पायरीखाली उभं राहायचं.

आणि पोळा. आमच्याकडे गाव कशाला म्हणायचं याची साधी खूण होती. ज्याच्या वेशीवर पोळ्याला स्वतःचं तोरण बांधलं जातं, ते गाव. बाकी सगळ्या वाड्या. तोरणाखालून पहिला बैल पाटलाचा, मग त्याच्या भावकीचे, मग गावचे, आणि सगळे गेले की आम्ही. दुपारपासून सजवलेले बैल धरून आमचे पुरुष गावाबाहेर चिखलात उभे राहत. आमची पाळी येईपर्यंत दिवस कलायचा, आंब्याची पानं गळून नुसती दोरी उरलेली असायची. गावची पोरं वेशीवर बसून आमच्या बैलांच्या शिंगांवर नेम धरून खडे मारीत.

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्याच पोळ्याला आमचा बैल वाजंत्रीला बुजला आणि दावं तोडून पाटलाच्या चुलतभावाच्या बैलापुढे निघाला. तोरणाखालून गेलाही नाही, नुसता पुढे झाला. पाटलाच्या माणसांनी त्याची झूल ओढून काढली, शिंगांचं बेगड खरवडलं आणि सासऱ्यांना साऱ्या गावादेखत काठीने बडवलं. पाटील ओट्यावर बसून पान खात होता. तो एवढंच म्हणाला, "गायरानात राह्यचं तर शेपटीमागं राह्यचं. बिलकुल."

सासरे त्यानंतर पोळ्याला गेले नाहीत. दोन वर्षांनी ते तापाने वारले. आणि मग सासूने कुणी ऐकलं-पाहिलं नव्हतं असं केलं: पोळ्याला बैल धरून ती स्वतः गेली. बाईमाणूस, तीही विधवा, बैलाचा कासरा धरून वेशीपुढे उभी. गाव फिदीफिदी हसलं. ती शेवटी उभी राहिली, शेवटी गेली, घरी येऊन पदर झटकला आणि म्हणाली, "माझ्या वाडीच्या तोंडाला तोरण बांधल्याबिगर मरत न्हाई म्या." दरवर्षी गेली. दरवर्षी तेच म्हणाली. नवरा अंबडच्या कचेरीत वाडीला वेगळं गाव करा म्हणून खेटे घालायचा. तिथे पाटलाचाच शब्द चाले. म्हातारीला दुसरं काही नको होतं. लुगडं नको, तीर्थ नको, नातू धड बोलायला लागला त्याचंही कौतुक नाही. तोरण.

मग ते वाईट वर्ष आलं. देश स्वतंत्र झाला म्हणे, पण आमचा नाही. आम्ही निजामाचेच राहिलो आणि रझाकार बंदुका घेऊन फिरू लागले. पाटलाच्या ओसरीवर त्यांना चहा मिळायचा, हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. पावसाळ्याच्या तोंडी त्या रझाकारांनी गोदाकाठचं एक गाव जाळलं, आणि तिथली पाच-सहा घरं पळत आमच्याकडे आली. त्यांत कुणब्यांची होती, एक पिंजाऱ्याचंही होतं. पळणाऱ्याला जात विचारायची सवय तेवढ्यापुरती सुटली होती. सासूने एका हाताने त्यांना पीठ दिलं आणि दुसऱ्या हाताने नाल्यापलीकडची जागा दाखवली. "तिकडं ऱ्हावा. हिकडची जिमीन आम्ही फोडलेली हाय."

त्यांच्यात एक म्हातारा होता. घर जळताना त्याची बायको गेली, पण बैलजोडी त्याने हाकून आणली होती. लोक कुजबुजायचे, बायकोपेक्षा बैल वाचवले. कुजबुजणाऱ्यांत आमची सासू पहिली. मी त्याला एकदा बैलाच्या मानेत तोंड घालून रडताना पाहिलं, तेव्हापासून त्याच्याविषयी कुणी वावगं बोललं की मला संताप यायचा.

त्या श्रावणात पोळा झालाच नाही. बैल सजवून रस्त्यावर आणायची कुणाची छाती? पण पुढे थोड्याच दिवसांत हिंदुस्थानची फौज आली, निजाम शरण गेला, अंबडला कचेरीवर तिरंगा चढला. वाडीत आधी कुणाचा विश्वास बसेना. बसला तेव्हा सासू पहिलं वाक्य बोलली ते असं, "मंग आता आपला पोळा आपुन करायचा." श्रावणातला हुकला म्हणून भाद्रपदाच्या अमावास्येला करायचं ठरलं. कुणाला विचारलं नाही. वाडीच्या वाटेवर बाभळीचे दोन खांब रोवले, त्यांना गेरू फासला, आणि म्हातारीने स्वतः डहाळ्या आणून तोरण ओवलं. आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळताना ती त्यांच्या कानात "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असं म्हणत होती, आणि आवाज कापत होता. खरं सांगते, तेवढ्या वेळात मला तिचा राग आला नाही.

म्हाताऱ्याने त्याच दिवशी नाल्याकाठी मला विचारलं, "बाई, बैलाला ववाळायला माझ्या घरात कुणी न्हाई. तुमी याल का?" मी म्हटलं, "येते ना. आधी आमचे ओवाळते, लगेच तुमच्याकडे येते."

पोळ्याच्या दुपारी माळावर बैल जमले. आमचा सगळ्यांत पुढे, कासरा माझ्या नवऱ्याच्या हातात. म्हातारी खांबाला टेकून उभी. आणि पाहते तर पाटील आलेला! डोक्यावर कोरी पांढरी टोपी, हातात कागदी झेंडा. निर्लज्जपणाला औषध नसतं. वाडीतल्या कुणी त्याला हाकललं नाही. उलट कुणीतरी बसायला घोंगडी टाकली. मी तिथे असते तर ती घोंगडी ओढून घेतली असती, पण मी दारात ताट धरून उभी होते आणि तिथूनच, चार पावलांवरचं सगळं दिसत-ऐकू येत होतं.

गोदाकाठचा म्हातारा आपली जोडी घेऊन लवकर आला होता. कुठे उभं राहायचं हे त्याला कोण सांगणार? तो आपला रांगेत मध्येच उभा राहिला. त्याच्या बैलांना झूल नव्हती, बेगड नव्हतं; शिंगांना नुसता हिंगूळ आणि गळ्यात झेंडूची माळ. माझा नवरा वळला, त्याने पाहिलं, कासरा दुसऱ्याकडे दिला आणि मागे गेला.

"तुमी लोकं मागं. वाडीचे सगळे गेल्यावर."

म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नाही की कळलं नाही, तो जागचा हलला नाही. नवऱ्याने बैल हाकायची पराणी आडवी धरून त्याच्या बैलाला छातीवर रेटलं. बैल मागे सरकला, माळ तुटली. म्हातारा हात जोडून म्हणाला, "चुकलं, मालक."

मालक! माझ्या नवऱ्याला जन्मात पहिल्यांदा कुणी मालक म्हटलं असेल. त्याचा चेहरा असा फुलला की मला लाज वाटली. घोंगडीवरून पाटील खुशीत म्हणाला, "बराबर. आता कसं गाव वाटून राह्यलं!" आणि म्हातारी, जिच्या नवऱ्याला याच पाटलाने बडवायला लावलं होतं, ती मान डोलावत होती. म्हातारा आपली जोडी घेऊन नाल्यापलीकडे परत गेला.

वाजंत्री वाजली. आमचा बैल पहिला तोरणाखालून गेला, लोक ओरडले, पोरं नाचली. नवरा बैल घेऊन दारात आला. आता मी त्याच्या खुरांवर पाणी घालायचं, कुंकू लावायचं, ओवाळायचं आणि पुरणाचा घास भरवायचा. तोवर बैल घरात येत नाही. मी ताट घेऊन पुढे झाले आणि त्याच्या बाजूने सरळ निघून गेले.

"अगं ए, कुठं चाललीस?" नवरा ओरडला.

"नाल्याकडं. आधी त्यांचे ओवाळणार. आपला उभा राहू दे."

नवऱ्याने हात उगारला, पण पाटलासकट लोक बघत होते, म्हणून खाली घेतला. म्हातारी मात्र लंगडत, धापा टाकत माझ्यामागे आली. तिला स्वतःला ओवाळता येत नव्हतं, विधवेने ओवाळू नये म्हणतात. घरात सवाष्ण मी एकटी. इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली त्या दिवशी तिचा मानाचा बैल दारात उन्हात उभा, आणि त्याला घरात घेणारा हात फक्त माझा. मला हे पुरतं कळत होतं आणि मला त्याचं बरं वाटत होतं. आजही वाटतं.

नाल्यापाशी तिने माझा दंड पकडला. मला वाटलं, आता शिव्यांची लाखोली. मीही तयारीत होते. म्हटलं, "आत्याबाई, मामंजींना मारलं त्या दिवशी पाटीलही असंच म्हणाला होता. आठवतंय का?"

ती चिडली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याशी हळू बोलली.

"मागं हुबं राहून राहून जल्म गेला माझा. मंग माझ्यामागं कुणीच हुबं राहू न्हाई व्हय?"

दंड तिने अजून धरलेलाच होता. मी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि नाल्यात उतरले.