‘किंवा’ न चालणाऱ्या बाई

‘किंवा’ हा शब्द उद्या मराठीतून नाहीसा झाला, तर जिचं काडीचंही अडणार नाही अशी एकच व्यक्ती मला माहीत आहे. हडपसरच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसायच्या त्या नागपूरच्या बाई. रिपोर्ट काढणं हे त्यांचं काम. प्रत्येक रकान्याला एक अट लावायची, आणि सगळ्या अटी ज्या ओळीत एकदम बसतील तेवढीच ओळ ठेवायची. एकदा साहेबांना पुण्यातली, वेळेवर पैसे देणारी आणि कधीच तक्रार न करणारी गिऱ्हाइकं हवी होती. बाईंनी कोरा रिपोर्ट पाठवला. “अहो, एखादी अट सैल करा ना,” साहेब म्हणाले. “करते. पण मग ती तुम्हाला हवी होती ती गिऱ्हाइकं नसतील,” बाई म्हणाल्या. साहेब कोरा रिपोर्ट घेऊन मीटिंगला गेले.

मंडईतही तेच. वांगं काटेरी हवं, देठ हिरवा हवा आणि आत बिया कमी हव्यात. पिशवी धरायला मी. सगळा ढीग उलथापालथा झाल्यावर भाजीवाला म्हणाला, “ताई, असं वांगं शिवून घ्यावं लागेल.” “घाई कोणाला होऊन राहिली? थांबते मी,” बाई शांतपणे म्हणाल्या, आणि त्याने पुढचं पोतं सोडेपर्यंत खरोखरच थांबल्या. वांगी मिळाली. मला तिथे नुसतं उभं राहणंही फार आवडलं होतं.

डब्याला सोबती निवडतानाही त्यांनी अटी लावल्या होत्या. “मचमच न करणारा, ऑफिसचं न बोलणारा आणि माझ्या भाजीवर पाणी न मागणारा. तुम्ही एकटेच उरलात.” माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कोणी बोललं नव्हतं. पाणी मी मागत नसे. ते डोळ्यांतून आपोआप येई.

मग नागपूरला नोकरी निघाली. मनासारखं काम, घराजवळ ऑफिस आणि आईची सोबत, सगळं एका ओळीत बसलं. बाई गेल्या. त्या अटींत माझा रकाना नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता कोणी मचमच करत नाही पण ऑफिसचंच बोलतं, कोणी गप्प असतं पण मचमच करतं. तिखट भाजी तर कोणीच आणत नाही. मी एकटाच जेवतो. परवा माझ्या अटी ऐकून पलीकडच्या टेबलावरची पोरगी म्हणाली, “सर, इतके फिल्टर कशाला? एखादा काढा आणि बसा ना आमच्यात.”

“घाई कोणाला होऊन राहिली?” सदाशिव पेठेत जन्म काढलेला मी म्हणालो. “थांबतो मी.”